पाणवठ्यावरची रात्र
इथे पालीत बिंदुसरेचं धरण जवळ आहे, म्हणून पाण्यापासूनच सुरुवात करू. परदेशातल्या काही प्राणिसंग्रहालयांत मुक्कामाच्या खोल्या असतात, काचेपलीकडे सिंह. आपल्याकडे मेळघाटात, ताडोब्यात बुद्धपौर्णिमेला मचाणावर रात्र काढतात. तीच रात्र का? वैशाखात पाणवठे आटलेले असतात, उरलेल्या पाण्यावर जनावरं येतात आणि चांदण्यात ती दिसतात. मात्र वाघांची खरी गणती या रात्री होत नाही; एकच वाघ दोनदा येऊ शकतो. त्यासाठी कॅमेऱ्यात पट्टे टिपावे लागतात. मग आपण जागायचं कशाला? काचेपलीकडच्या सिंहाला दुसरीकडे जायची सोय नसते. मचाणावर आपणच अडकलेले असतो. जनावर येतं ते तहानेपोटी. आपली तर नुसती हौस. आपण खोकलो तर ते तहानलेलंच परतेल. एवढं ध्यानात ठेवून गप्प बसणं, यालाच आम्ही शेजारधर्म म्हणतो.