हक्काचं बोलणं (लेखांक ५) : परवाना नावाचा लगाम

मागच्या आठवड्यात आपण आणीबाणीतली आकाशवाणी पाहिली. सरकारच्या कार्यक्रमात गायला नकार दिला म्हणून मे १९७६ मध्ये किशोरकुमारची गाणी रेडिओवरून हद्दपार झाली. तेव्हा रेडिओ आणि दूरदर्शन सरकारच्याच मालकीचे. मंत्र्याने तोंडी सांगितलं तरी काम भागत असे. आता खासगी वाहिन्या शेकड्यांनी आहेत. त्यांच्यावर दबाव येतो तो बहुतेक वेळा कागदाच्या वाटेने, आणि ही वाट थेट रोह्याजवळच्या धाटावपर्यंत येते.

धाटावसारख्या गावातल्या केबलवाल्याची खोली बघा. भिंतीला लागून यंत्रांचं कपाट, त्यातून निघालेल्या काळ्या वायरी, कोपऱ्यात बदलायला आलेले सेट-टॉप बॉक्स. डिजिटल व्हायच्या आधी बऱ्याच केबलवाल्यांची स्वतःची एक वाहिनीही असायची. पालखी, शाळेचं गॅदरिंग, निधनवार्ता, उद्या पाणी येणार नाही ही खाली सरकणारी पट्टी. धाटावला अशा वाहिनीची गरज इतरांहून जास्त आहे. रासायनिक कारखान्यांची एमआयडीसी इथे आहे आणि शेजारून कुंडलिका वाहते. रात्री उग्र वास सुटला तर तो कशाचा, नदीचं पाणी आज असं का दिसतं, हे मुंबईची वाहिनी सांगणार नाही.

पण २०२२ च्या नोव्हेंबरात केंद्राने केबलवरच्या स्थानिक वाहिन्यांसाठी नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यानुसार स्थानिक बातम्या द्यायच्या असतील तर कंपनी म्हणून नोंदणी हवी. मोठ्या शहरातल्या व्यावसायिकाला हे जड नाही. चार गावांत वायर ओढणाऱ्या माणसाला सीए, वार्षिक विवरणपत्रं, संचालक मंडळ हे सगळं परवडायचं कसं? तो बातमीच सोडून देतो. कुणी बंदी घातलेली नसते, पण गावाची बातमी बंद पडते. मला हा प्रकार उघड बंदीहून घातक वाटतो, कारण त्याविरुद्ध न्यायालयात जायला हातात एखादा आदेशही नसतो.

उघड अधिकारही आहेतच. १९९५ च्या केबल टेलिव्हिजन कायद्याच्या १९ व्या कलमाने जिल्हाधिकारी, प्रांत किंवा पोलीस आयुक्त सार्वजनिक हिताच्या कारणाने एखादा कार्यक्रम किंवा वाहिनी केबलवरून दाखवायला मनाई करू शकतो. म्हणजे धाटावपुरता हा अधिकार अलिबागला आणि रोह्याला बसतो. दंगल भडकवणारं चित्रण थांबवायला तो लागतो, हे मान्य. पण त्याच अधिकाऱ्याच्या कारभारावरची बातमी असेल तर?

मोठ्या वाहिन्यांचं काय होतं ते ‘लोकशाही मराठी’च्या प्रकरणात दिसलं. जुलै २०२३ मध्ये या वाहिनीने एका राजकीय नेत्याच्या कथित चित्रफितीची बातमी दाखवली. सप्टेंबरमध्ये वाहिनी ७२ तास बंद ठेवण्याचा आदेश आला. पुढे जानेवारी २०२४ मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाने ३० दिवसांसाठी परवानाच निलंबित केला. या वेळी मुद्दा बातमीचा नव्हता. परवाना कुणाच्या नावावर आणि वाहिनी चालवतं कोण, हा होता. दिल्ली उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. ती चित्रफीत दाखवावी की नाही, यावर मतभेद होऊ शकतात. कुणाचं खासगी आयुष्य चव्हाट्यावर आणणं म्हणजे पत्रकारिता नव्हे. पण बातमी चुकली असेल तर बातमीचा जाब विचारावा. महिनाभर पडदा काळा राहिला तर जाहिराती जातात, पगार थांबतात, आणि ते पाहून इतर दहा वाहिन्यांचे संपादक आपापल्या बातम्या पुन्हा तपासू लागतात.

केरळच्या ‘मीडियावन’ला तर सुरक्षा मंजुरी नाकारली होती आणि कारण फक्त न्यायालयाला, बंद लिफाफ्यात दिलं होतं. ५ एप्रिल २०२३ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने ही नामंजुरी रद्द केली. सरकारवर टीका केली म्हणून परवाना अडवता येत नाही, हे त्यात स्पष्ट झालं.

परवाना कुणाच्या हातात असावा, या वादाचं मूळ एका क्रिकेटच्या भांडणात आहे. १९९३ चा हीरो कप. ईडन गार्डन्सवर सचिनने टाकलेलं ते शेवटचं षटक आठवतं ना? त्याच स्पर्धेचं प्रक्षेपण कुणी करायचं, यावरून बंगालची क्रिकेट संघटना आणि सरकार न्यायालयात गेले. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. न्या. पी. बी. सावंत यांनी त्यात लिहिलं की प्रसारणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. त्यांचं नियमन व्हावं, पण ते समाजातल्या सर्व घटकांचं प्रतिनिधित्व असलेल्या स्वायत्त प्राधिकरणाने करावं, आणि ते सरकारने स्थापावं. सावंत पुढे प्रेस कौन्सिलचे अध्यक्षही झाले.

ते प्राधिकरण आजही नाही. १९९७ मध्ये प्रसार भारती आली, पण ती दूरदर्शन आणि आकाशवाणीपुरती. खासगी वाहिनीचा परवाना देणारं, नूतनीकरण करणारं, निलंबित करणारं मंत्रालय एकच, आणि ते चालवणारा मंत्री निवडणूक लढवणारा. केबलवाल्याची नोंदणी पूर्वी मुख्य टपाल कार्यालयात व्हायची, वर्षाला ५०० रुपये भरून. जानेवारी २०२५ पासून तीही मंत्रालयाच्या पोर्टलवर गेली, पाच वर्षांसाठी ५,००० रुपये.

केबलवरून उठलेली गावची बातमी आता मोबाइलवर, यूट्यूबवर आली आहे. तिच्या मागेही नियम निघाले आणि मुंबई उच्च न्यायालयाने त्यातला एक रद्द केला. ते प्रकरण पुढच्या आठवड्यात.