बांधावरची रुई

बांध साफ असणें हें दक्ष शेतकऱ्याचें लक्षण, अशी आपली समजूत आहे; आणि त्या समजुतीपायीं विळा, कुदळ, आग व अलीकडे तणनाशक औषध हीं सर्व रुईच्या झुडपावर चालतात. शनिवारीं मारुतीला माळ घालावयाची झाली म्हणजे मात्र तिची आठवण होते. ही तोड शेतकऱ्याच्याच नुकसानीची आहे, असें आमचें सांगणें आहे.

रुई ही आपल्याच देशांतील बहुवर्षायु वनस्पति. चैत्र-वैशाखांत रान उजाड झालें तरी ती फुललेली आढळते, व मधासाठीं मोठा काळा भुंगा तिच्याकडे येतो. हाच भुंगा पुढें तुरीच्या व वांग्याच्या फुलांवर जातो. वांग्याचा पराग परागकोशाच्या टोंकाच्या बारीक छिद्रांतून बाहेर पडतो. भुंगा फुलाला बिलगून गुणगुणतो, त्या कंपानें तो झडतो. मधमाशीला हें साधत नाहीं. वाऱ्यानें हलूनही वांगें धरतें खरें, परंतु भुंग्याची जोड मिळाली तर फळधारणा अधिक चांगली होते.

रुईच्या पानांवर काळ्या, पिवळ्या व पांढऱ्या पट्ट्यांच्या अळ्या दिसल्यास भिऊं नये. त्या ‘बिबळ्या कडवा’ या नारिंगी फुलपांखराच्या होत. रुई व तिच्या गोत्रांतील वनस्पति हेंच त्यांचें खाद्य. कापूस, तूर वा भाजीपाला यांस त्या तोंड लावीत नाहींत.

लागवडीस खर्च नाहीं. बोंडें तडकूं लागतांच बी काढून ठेवावें व मृगाच्या पावसावर बांधाच्या पडीक टोंकाला चार-पांच हातांच्या अंतरानें टोकावें. पाणी सांचणारी जागा टाळावी. मूळ खोल जात असल्यानें पहिल्या पावसाळ्यानंतर पाणी देण्याची सहसा गरज पडत नाहीं. गुरेंही तिच्या वाटेस फारशीं जात नाहींत. भुंगा वाळक्या लाकडांत घर करतो, म्हणून जवळ एखादा सुका ओंडका पडूं द्यावा.

दोन गोष्टी मात्र सांभाळाव्या. रुईचा चीक डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होते. मुलांस दूर ठेवावें व छाटणीनंतर हात धुवावे. तसेंच बियांस नको असलेलीं बोंडें फुटण्यापूर्वींच तोडावीं, म्हणजे रुई शेतांत पसरणार नाहीं.

पांच-सहा झुडपांना लागणारी जागा पिकाची नव्हे, बांधाची आहे. यंदा बांध साफ करतांना तेवढ्या टोंकावर विळा थांबवावा, इतकीच आमची विनंती आहे.