राजाच्या भिंतीला लागलेली शिडी

लंडनला लेकीकडे गेलेला माणूस राजवाडा आणि मोठे घड्याळ पाहून परत येतो. आम्हा दोघांनीही तेच पाहिले. पण एका रविवारी जावई म्हणाले, "आई, बाबा, आज पायी फिरू. तिकीट काढायचे नाही, डबा तेवढा घ्या." आम्ही चपाती-भाजी बांधली आणि निघालो.

लंडनच्या उपनगरांतून 'कॅपिटल रिंग' नावाची पायवाट शहराला वळसा घालते. लांबी सुमारे १२६ किलोमीटर. बागा, माळराने, नदीकाठ जोडून केलेली ही वाट २००५ साली पूर्ण झाली. तिचे १५ भाग आहेत. आम्ही सहावा भाग चाललो. विम्बल्डन पार्क स्टेशन ते रिचमंड, सुमारे ११ किलोमीटर.

टेनिसमुळे विम्बल्डनचे नाव आपल्या मुलांनाही ठाऊक आहे. तेथील तळ्याची बाग मागे टाकून चढण चढलो, की मोठे माळरान लागते. मधोमध १८१७ साली बांधलेली पवनचक्की आहे. तिच्याजवळ बसून आम्ही डबा सोडला. हे रान आपल्या गायरानासारखे. जमीन जमीनदाराची, पण गुरे चारण्याचा हक्क गावकऱ्यांचा. १८६४ साली जमीनदार अर्ल स्पेन्सर यांनी यातील मोठा भाग कुंपणात घेऊन उरलेल्यातील काही विकण्याचा घाट घातला. रहिवाशांनी कडाडून विरोध केला. अखेर १८७१ साली कायदा झाला आणि रान सर्वांसाठी खुले राहिले. आजूबाजूची घरे आजही त्याच्या देखभालीसाठी कर भरतात.

पुढे उतार, एक ओढा, वाहता हमरस्ता आणि रिचमंड पार्कचे फाटक. तेथे आमचे पाय थबकले. पलीकडे राजाची हरणे. कोणी हटकेल काय, असे वाटले. कोणी हटकले नाही.

वाचकहो, ही वाट आपोआप मोकळी झालेली नाही. १६३७ साली राजा पहिला चार्ल्स याने शिकारीसाठी या रानाला भिंत घातली. तरी लोकांची ये-जा चालू होती. पुढे राजकन्या अमेलियाने परवान्याशिवाय प्रवेश बंद केला. रिचमंडचा बिअर बनविणारा जॉन लुईस फाटकाशी गेला, त्याला अडविले. त्याने पहारेकरणीवर दावा लावला आणि १७५८ साली तो जिंकला. न्यायाधीशांनी विचारले, दार हवे की शिडी? त्याने शिडी मागितली, कारण दाराला कडी घालता येते. मग शिडीच्या पायऱ्या इतक्या लांब लांब बसविल्या, की म्हाताऱ्या बायका आणि मुले चढेनात. लुईस पुन्हा न्यायालयात गेला!

चवदार तळ्याचा इतिहास ज्यांच्या घरात सांगितला जातो, त्यांना या शिडीचे मोल वेगळे सांगायला नको.

दोन तळ्यांमधून, हरणांपासून लांब राहत आम्ही टेकडी गाठली. खाली टेम्स नदी दिसली. रिचमंडला पोहोचेतो गुडघे बोलू लागले होते, पण मन हलके झाले होते.

पुढच्या सुट्टीत मुलांना घेऊन आपल्या शहरातील सार्वजनिक बागेत जा. डबा न्या, पाणी न्या, कचरा परत आणा. फाटकाशी पाय अडखळला, तर मुलांना लुईसची गोष्ट सांगा आणि खुशाल आत जा.