मोक्षपट आणि संगणकीय खेळातील नैतिक निवड

खेळ आणि नीती यांची सांगड आपल्याकडे नवी नाही. आळंदीच्या ज्ञानदेवांच्या नावाशी परंपरेने जोडला गेलेला मोक्षपट हा तिचा सर्वपरिचित दाखला होय. ज्ञानदेवांनीच तो रचला या समजुतीस समकालीन लेखी आधार दाखविता येत नाही, आणि आज पाहावयास मिळणारे पट त्यांच्या समाधीनंतर, म्हणजे १२९६ नंतर, कित्येक शतकांनी तयार झालेले आहेत. तथापि कर्तृत्वाचा वाद बाजूस ठेवला तरी पटाची रचना विचारास प्रवृत्त करणारी आहे. वैष्णव परंपरेतील पटांत बहुधा ७२ घरे असतात, जैन पटांत ८४. प्रत्येक घरास एखाद्या वृत्तीचे, अवस्थेचे अथवा लोकाचे नाव असते. दुर्गुणाच्या घरी सर्पाचे मुख, सद्गुणाच्या घरी शिडीचा पाया, आणि अखेरीस मोक्ष. इंग्लंडात १८९२ च्या सुमारास हाच खेळ सापशिडीच्या रूपाने गेला. पुढे घरांची नावे पुसली गेली आणि मुलांच्या हाती केवळ आकडे उरले.

या पटावर एक गोष्ट मात्र नाही. खेळाडूस काहीही ठरवावयाचे नसते. कवड्यांचे दान पडेल तितकी घरे सोंगटी सरकते. क्रोधाच्या घरी ती गेली म्हणून खेळणारा क्रोधी ठरत नाही, वा दानाच्या घरी गेली म्हणून दाता ठरत नाही. पापपुण्याचा नकाशा तेथे संपूर्ण आहे, परंतु पाप करण्याची मोकळीक नाही. मग जेथे ही मोकळीक दिलेली आहे अशा खेळात नीतीचे स्वरूप काय राहते, हा प्रश्न सहजच उद्भवतो. पिंपरी-चिंचवड व चाकण येथील वसाहतींत राहणाऱ्या तरुणांच्या फुरसतीचा मोठा वाटा आज व्हिडिओ गेमने व्यापला आहे, आणि असे खेळ पुण्यात निर्माणही होतात ('राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक' हा २०२० मधील खेळ पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा आहे). तेव्हा हा प्रश्न केवळ पुस्तकी नव्हे.

त्याच्या विवेचनासाठी 'स्टार वॉर्स : नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक' हा खेळ घेणे सोयीचे आहे. कॅनडातील एडमंटन येथील बायोवेअर या संस्थेने तो रचला व लुकासआर्ट्सने २००३ मध्ये प्रसिद्ध केला. केसी हडसन हे प्रकल्पाचे संचालक होते, तर कथालेखनाची धुरा ड्रू कार्पिशिन यांजकडे होती. कथा सुप्रसिद्ध चित्रपटांच्या सुमारे ४,००० वर्षे आधीच्या काळात घडते. 'फोर्स' नावाची एक विश्वशक्ती आहे. तिचे संयमाने अनुसरण करणारे ते जेडाय, आणि वासनेने तिला राबविणारे ते सिथ. खेळाडू एका पात्राची भूमिका घेतो, संभाषणात पुढे मांडलेल्या उत्तरांतून एक निवडतो, आणि त्या उत्तरानुसार प्रकाशपक्षाचे वा तमःपक्षाचे गुण त्याच्या खाती जमा होतात. मध्यावरून आरंभ करून तो एका टोकाकडे सरकत जातो, आणि तमोमार्ग धरल्यास त्याचा चेहराही हळूहळू विवर्ण होतो. कवड्या मात्र येथूनही गेलेल्या नाहीत! प्रत्येक प्रहाराचा निकाल यंत्राच्या पोटात पडणारा वीस पैलूंचा अदृश्य फासाच लावतो. अमेरिकेतील टेबलावर खेळावयाच्या भूमिकाखेळांतून हे नियम उचललेले आहेत.

या जमाखर्चात एक दोष आहे, आणि तो गंभीर आहे असे प्रस्तुत लेखकास वाटते. प्रकाशपक्षाच्या खेळाडूस त्या पक्षाच्या सिद्धी स्वस्तात वापरता येतात, उलट पक्षाच्या महाग पडतात; टोकास पोहोचलेल्यास विशेष गुणवृद्धीही लाभते. मध्ये रेंगाळणाऱ्यास यांपैकी काहीच नाही. परिणाम असा होतो की सराईत खेळाडू आरंभीच पक्ष ठरवितो, आणि पुढे भिकाऱ्यास नाणे देताना त्याच्या मनात भिकारी नसून खाते असते. फलाशेने केलेल्या कर्माविषयी आपल्या परंपरेने जे सांगितले आहे ते येथे स्मरल्यावाचून राहत नाही. निवड आहे, पण ती एकदाच केलेली. उरलेली सर्व कारकुनी.

असे असूनही हा खेळ स्मरणात राहतो, त्याचे कारण गुणांच्या पट्टीत नाही, कथेत आहे. (खेळास २० वर्षांहून अधिक काळ लोटला असल्याने रहस्य उघड करण्यास हरकत नसावी.) उत्तरार्धात नायकास कळते की आपणच तो रेव्हान, ज्याने सिथांचा अधिपती होऊन अनेक लोक उद्ध्वस्त केले. शिष्य मालाकने विश्वासघाताने त्याच्या नौकेवर मारा केला. बॅस्टिला या जेडाय तरुणीने त्याचे प्राण वाचविले. आणि जेडायांच्या मंडळाने त्याची स्मृती पुसून त्यास नवी ओळख दिली. ज्या पापांची आठवण नाही त्यांचा वारसा घेऊन आता पुढे चालावयाचे आहे.

आपल्या शास्त्रकारांनी कर्माचे संचित, प्रारब्ध व क्रियमाण असे तीन भेद केले आहेत. मोक्षपटावरील कवडी ही प्रारब्धाचीच प्रतिमा म्हणावी लागेल. ती जे देईल ते भोगावयाचे. रेव्हानची कथा मात्र प्रारब्ध व क्रियमाण यांच्या सांध्यावर उभी आहे. एका प्राचीन मंदिराच्या माथ्यावर तमःपक्षास गेलेली बॅस्टिला त्यास राज्याचे आमिष दाखविते, आणि तोवरचे खाते काहीही असो, या क्षणी निवड पुन्हा संपूर्ण खुली होते. पुण्याचा मोठा साठा केलेलाही येथे घसरू शकतो, कलंकितही परतू शकतो. जो घसरतो त्याच्या हातून पुढे काय घडू शकते तेही खेळ लपवीत नाही. झालबार हा सहप्रवासी नायकाशी प्राणऋणाने बांधलेला असतो. त्याचे मन शक्तीने वाकवून मिशन नावाच्या त्याच्याच लहानग्या सखीचा वध करविता येतो. बहुतेक खेळाडू तेथे थबकतात, यात नवल नाही.

अधिक विचारणीय प्रसंग मनान या जलमय ग्रहावरील आहे. जखमा भरून आणणारे 'कोल्टो' हे द्रव्य केवळ तेथेच मिळते. ते गुप्तपणे उपसण्यासाठी समुद्राच्या तळाशी यंत्रे बसविलेली असतात, आणि त्यामुळे एक अतिप्राचीन महाकाय जलचर खवळलेला असतो. पाण्यात विष सोडून त्यास मारावे, की यंत्रसामग्री उद्ध्वस्त करावी? औषधाची गरज खोटी नाही, यंत्रे उभारणारे दुष्टही नाहीत. इंद्रायणीच्या एका अंगास पिंपरी-चिंचवडचे कारखाने आणि दुसऱ्या अंगास चाकणचे, अशा भूभागात राहणाऱ्यास, अलीकडच्या वर्षांत आळंदीच्या घाटाशी वारंवार तरंगलेला पांढरा फेस ज्याने पाहिला आहे त्यास, ही कोंडी परग्रहावरची वाटणार नाही. भेद इतकाच की खेळात उत्तर एकाच व्यक्तीच्या हाती असते. नदीच्या बाबतीत ते कारखानदार, नगरपालिका, शासन आणि आपल्या घरांतील मोऱ्या यांच्यात वाटले गेलेले आहे.

गुणांच्या पट्टीवरील आक्षेप रचनाकारांनाही जाणवला असावा. ऑब्सिडियन या दुसऱ्या संस्थेने रचलेल्या २००४ मधील उत्तरखंडात क्रेया नावाची वृद्धा नायकाच्या सोबतीस आहे. एक भिकारी पैसे मागतो. दिले, तर ते लुटण्यासाठी दुसरा दरिद्री त्याच्यावर तुटून पडतो. झिडकारले, तर तोच भिकारी पुढे जाऊन दुसऱ्या कोणास मारहाण करतो. क्रेया दोन्ही वेळी हे दृश्य नायकास पाहावयास लावते, आणि दोन्ही वेळी बोल त्यालाच लावते.