लघुशंका आणि मनांतली शंका

मराठी भाषेनें देहधर्मांसाठीं जे शब्द योजिले आहेत, त्यांतील बहुतेक शब्द त्या क्रियेचें नांव घेत नाहींत. ते दिशा दाखवितात किंवा पडदा धरतात. ‘परसाकडे जाणें’, ‘बहिर्दिशेस जाणें’ हे असेच शब्द होत. शाळेंतील मूल तर शब्दहि उच्चारीत नाहीं, नुसती करंगळी वर करतें. मूत्रविसर्जनास शिष्ट भाषा ‘लघुशंका’ म्हणते. त्या शब्दाची व्युत्पत्ति कांहींहि असो. पुष्कळ लोकांच्या बाबतींत ही शंका खरोखरीच मनांतली असते. सार्वजनिक मुतारींत वा शौचालयांत, परक्या माणसांच्या सान्निध्यांत, देहधर्म उरकण्याची वाटणारी भीति हा आजच्या भाषणाचा विषय आहे. चारचौघांत तो काढला जात नाहीं, आणि त्यामुळेंच ज्याला त्याला वाटत राहतें कीं, असें होणारे आपण एकटेच.

एखाद्या एस. टी. स्थानकावरील प्रसंग घ्यावा. गाडी दहा मिनिटें थांबणार असते. चार तास कळ काढलेला एक प्रवासी लगबगीनें उतरतो. मुतारीपाशीं पुढें तिघे, मागें दोघे. त्याची पाळी येते आणि कांहींच होत नाहीं. मागचा गृहस्थ खाकरतो. तिकडे गाडीचा भोंगा वाजतो. झालें असें दाखवून तो परततो आणि मुकाट्यानें आपल्या जागेवर बसतो. पुढल्या खेपेस तो आदल्या रात्रीपासूनच पाणी तोडतो. त्याच्याहि पुढल्या खेपेस प्रवासच टाळतो. भाच्याच्या लग्नास न येणारा मामा मानापमानावरून रुसला आहे असें मंडळी समजतात. त्याच्या न येण्याचें कारण मंगल कार्यालयांतील शौचालयाबाहेरची रांग हें असूं शकेल, अशी कल्पनाहि कोणाच्या मनास शिवत नाहीं.

या अवस्थेस शास्त्रांत ‘पॅरुरेसिस’ असें नांव आहे. १९५४ सालीं विल्यम्स आणि डेगनहार्ट या दोन अमेरिकन संशोधकांनीं तें रूढ केलें. त्यांनीं १,४१९ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची पाहणी केली, तेव्हां शेंकडा १४ हून अधिक जणांस कधीं ना कधीं हा अनुभव आलेला होता. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या २०१३ सालच्या ग्रंथांत तिची गणना सामाजिक भीतीच्या विकारांत केली आहे. चार माणसांपुढें उभें राहून बोलतांना ज्याची जीभ टाळ्याला चिकटते, त्याच्या व्यथेची ही बहीण होय. हा भित्र्यांचाच रोग आहे असें मात्र कोणीं समजूं नये. उत्तेजक द्रव्यांच्या तपासणीसाठीं खेळाडूस साक्षीदाराच्या नजरेसमोर किमान ९० मिलिलिटर मूत्र द्यावें लागतें, आणि मैदानांत हजारों लोकांपुढें न डगमगणारे मल्लहि तेथें तासन् तास पाण्याचे पेले रिचवीत बसून राहतात.

असें कां व्हावें, हें समजण्यास शरीराची रचना थोडी पाहिली पाहिजे. मूत्रपिंडांतून झिरपणारें मूत्र मूत्राशयांत सांठतें. १५० ते २०० मिलिलिटर सांठलें कीं पहिली जाणीव होते. ४०० ते ५०० पर्यंत निरोगी मनुष्य तें धरूं शकतो. मूत्राशयाच्या भिंती स्नायूंच्या असून त्याच्या तोंडाशीं स्नायूंचीं दोन वलयें असतात. आंतलें वलय आपल्या हुकमतींत नाहीं, बाहेरचें आहे. विसर्जनाच्या वेळीं भिंती आकुंचन पावावयाच्या आणि वलयें सैल व्हावयाचीं, असा हा जोडीचा खेळ असतो. त्याचें सूत्र मेंदूच्या बुंध्याशीं असलेल्या एका केंद्राच्या हातीं आहे. लंडनचे शस्त्रवैद्य बॅरिंग्टन यांनीं मांजरांवरील प्रयोगांवरून १९२५ च्या सुमारास तें दाखवून दिलें. भीति वाटली कीं शरीर लढण्याच्या वा पळण्याच्या तयारीस लागतें. छाती धडधडते, तळहातांस घाम येतो. त्याच मज्जातंतूंच्या हुकुमानें मूत्राशयाच्या भिंती सैलावतात आणि आंतलें वलय आवळलें जातें. बाहेरचें वलयहि मनुष्य नकळत आंवळून धरतो. मग टाकी भरलेली आणि तोटी बंद, अशी स्थिति होते.

येथें कोणी विचारील कीं, परीक्षेच्या दिवशीं मुलें भीतीनेंच वारंवार करंगळी वर करतात, तें कसें? भावना होणें आणि विसर्जन करतां येणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. भीति पहिली वाढविते आणि कित्येकांच्या बाबतींत दुसरी अडविते.

‘मन घट्ट कर, जोर लाव’ हा उपदेश म्हणूनच निरुपयोगी ठरतो. जें काम सैल सोडल्यानें व्हावयाचें, तें जोर लावून होत नाहीं. झोंपेसाठीं धडपडणाऱ्यास जशी झोंप येत नाहीं, तसेंच हें आहे.

पण सार्वजनिक शौचालयाची सारीच भीति मनाची असते असें म्हणणें अन्यायाचें होईल. दाराला कडी नाहीं, दिवा नाहीं, पाणी नाहीं, बाहेर टवाळखोर उभे आहेत, अशा जागीं जावयास स्त्री धजत नसेल तर तो विकार नव्हे, तें शहाणपण होय. स्त्रियांचा मूत्रमार्ग अवघा चार-एक सेंटिमीटर लांब असल्यामुळें मूत्रमार्गाचे जंतुविकार त्यांस अधिक होतात. त्यांत पाणी कमी पिण्याची व तासन् तास धरून ठेवण्याची भर पडते. बैठकीला स्पर्श नको म्हणून अनेकजणी अधांतरी वांकून बसतात. १९९१ सालीं ब्रिटनमध्यें झालेल्या एका पाहणींत शेंकडा ८५ स्त्रिया असें करीत असल्याचें आढळलें. त्या स्थितींत मूत्राचा वेग सुमारें एक पंचमांशानें घटतो आणि मूत्राशय पुरतें रिकामें होत नाहीं, हेंहि त्या वेळीं मोजून पाहण्यांत आलें. रोग टळावा म्हणून जें करावें, त्यानेंच रोगाला वाट मिळते. मुंबईंत २०११ सालीं ‘राइट टु पी’ नांवाची चळवळ उभी राहिली. पुरुषांस फुकट मुतारी आणि स्त्रियांस मात्र पैसे, हा तिचा एक साधा आक्षेप होता. त्याला उत्तर देणें कोणासहि अवघडच.

शाळेकडे मात्र अधिक लक्ष दिलें पाहिजे, कारण धरून ठेवण्याची संवय येथेंच लागते. २००९ सालच्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें मुलामुलींसाठीं स्वतंत्र शौचालयें आवश्यक ठरविलीं. परंतु केंद्र सरकारच्या उद्योगसंस्थांनीं शाळांत बांधलेल्या शौचालयांची जी पाहणी महालेखापरीक्षकांनीं करविली, तिच्या २०२० च्या अहवालाप्रमाणें पाहिलेल्यांपैकीं शेंकडा ७२ ठिकाणीं आंत वाहतें पाणी नव्हतें. अशा शाळेंतील मुलगी सकाळीं पाण्याचा पेला बाजूला सारते आणि सायंकाळपर्यंत कळ काढते. ओटीपोटांत दुखत असतां गणितांत लक्ष कसें लागावें? त्यांतून एखादा गुरुजी करंगळी वर झाली कीं ‘आत्तांच कां?’ म्हणून सगळ्या वर्गादेखत विचारतो. वर्ग हंसतो. मुलें खोटीं बहाणे करतात हें खरें. पण दहा बहाणे खपवून घेतल्यानें शाळेचें फारसें बिघडत नाहीं. त्या हंशानें मात्र एखादें मूल पुढें कित्येक वर्षें बंद दाराशिवाय मोकळें होऊं शकत नाहीं.

मनाच्या या भीतीवर उपाय आहे आणि तो पायरीपायरीचा आहे. प्रथम वैद्याकडून तपासून घ्यावें, कारण उतारवयांत पुरुषांची प्रोस्टेट ग्रंथि वाढली असतांहि धार अडते, आणि मूत्र मुळींच होईनासें होऊन पोट फुगूं लागलें तर तात्काळ रुग्णालय गांठावें. शरीर निर्दोष ठरल्यास सराव सुरू करावा. भरपूर पाणी पिऊन, भावना चांगली तीव्र झाल्यावर घरच्याच शौचालयांत जावें. विश्वासाच्या एका माणसास दूर ओसरीवर उभें करावें. धार लागली कीं दोनतीन सेकंदांनीं थांबवावी, बाहेर यावें, थोड्या वेळानें पुन्हां जावें. दर खेपेस सोबत्यानें एक पाऊल जवळ यावें. तो दाराशीं आला तरी अडेनासें झालें कीं मग एखादें निवांत उपाहारगृह, पुढें कचेरी आणि शेवटीं गर्दीचें स्थानक. एखादी पायरी जड गेली तर मागच्या पायरीवर परतावें. त्यांत हार नाहीं. कित्येकांस यास महिने लागतात. या उपचाराचा अनुभव असलेल्या मानसतज्ज्ञाची मदत मिळाल्यास उत्तमच. दरम्यान प्रयोगशाळेंत नमुना द्यावयाचा असल्यास तेथील माणसास आधींच सांगावें आणि घरून बाटली भरून आणलेली चालेल काय तें विचारावें. पुष्कळ तपासण्यांस ती चालते.