दुधाचे दात आणि योग्य वेळेची पारख

सात-आठ वर्षांच्या मुलाचे वरचे दोन पटाशीचे दात नुकतेच आलेले असतात. इवल्याशा चेहऱ्यात ते फार मोठे दिसतात आणि दोहोंमधील फट हसताना प्रथम डोळ्यांत भरते. आई म्हणते, “आत्ताच डॉक्टरांना दाखवून घेऊ.” आजी समजावतात, “अगं, अजून दुधाचे दात पडायचे आहेत. सगळे पडू देत, मग बघू.” दुकान बंद करून घरी आलेले वडील मनातल्या मनात खर्चाचा अंदाज बांधू लागतात. हा संवाद आज घरोघरी ऐकू येतो. विशेष म्हणजे त्यात आईचेही खरे असते आणि आजींचेही. कोणत्या मुलाच्या बाबतीत कोणाचे ऐकायचे, हे कळणे महत्त्वाचे.

दुधाचे दात एकूण 20. ते पडणारच, म्हणून त्यांची हेळसांड करण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे. वास्तविक प्रत्येक दुधाचा दात आपल्या जागी येणाऱ्या कायमच्या दातासाठी जागा राखून असतो. दुधाच्या दाढा तर दहाव्या-बाराव्या वर्षापर्यंत हे काम करतात. कीड लागून अशी दाढ सातव्या वर्षीच काढावी लागली, तर मागची दाढ हळूहळू पुढे सरकते, राखलेली जागा संपते आणि खालून येणारा कायमचा दात वाकडा येतो किंवा आतच अडकून पडतो. अशा वेळी दंतवैद्य ती जागा राखणारी छोटीशी तारेची कडी बसवतात. हा साधा उपाय पुढचे मोठे उपचार पुष्कळदा वाचवतो.

आणखी एक गोष्ट पालकांच्या नजरेतून हमखास सुटते. सहाव्या वर्षाच्या सुमारास, एकही दात न पडता, शेवटच्या दुधाच्या दाढेमागे एक नवी दाढ उगवते. ती कायमची असते. मात्र दुधाचीच समजून तिच्याकडे दुर्लक्ष होते. संपूर्ण चाव्याची बैठक या चार दाढांवर ठरते.

म्हणूनच अमेरिकेतील ऑर्थोडॉंटिस्ट, म्हणजे दात व जबडे सरळ करणाऱ्या तज्ज्ञांची संघटना, मुलाची पहिली तपासणी सातव्या वर्षापर्यंत करून घ्यावी असे सुचवते. परंतु तपासणी वेगळी आणि उपचार वेगळा. बहुतेक मुलांच्या बाबतीत तपासणीनंतर “ठरावीक काळाने दाखवत राहा” एवढाच सल्ला पुरेसा असतो.

थांबू नये अशा काही अवस्था मात्र निश्चित आहेत. तोंड मिटताना वरचे दात खालच्या दातांच्या आत बसत असतील आणि त्यामुळे हनुवटी एका बाजूला सरकत असेल, तर जबड्याची वाढ तिरकी होण्याची भीती असते. लहान वयात टाळूच्या मधला सांधा पक्का जुळलेला नसतो. त्यामुळे वरचा अरुंद जबडा साध्या साधनाने रुंद करता येतो. तारुण्यात हेच काम अवघड होते आणि कधी शस्त्रक्रियेपर्यंत जाते. वरचा जबडा मागे राहून खालचे दात पुढे येत असतील, तर तो पुढे ओढणाऱ्या साधनाचा लाभही साधारण दहा वर्षांच्या आत अधिक मिळतो. कायमचे पुढचे दात येऊ लागले तरी अंगठा चोखण्याची सवय सुटत नसेल, तर तिच्याकडेही लक्ष द्यावे. मूल रात्री तोंड उघडे ठेवून घोरत असेल, तर कान-नाक-घशाच्या तज्ज्ञांना आधी दाखवणे हिताचे.

याउलट, जिथे निर्धास्त थांबावे अशाही गोष्टी आहेत. सात-आठ वर्षांच्या वयातील पुढच्या दोन दातांमधील फट ही बहुधा वाढीतील एक पायरी असते. अकराव्या-बाराव्या वर्षी वरचे सुळे उतरले की ती अनेकदा आपोआप मिटते. दातांची थोडीफार दाटीही लगेच तारा लावण्याचे कारण ठरत नाही.

पुढे आलेल्या वरच्या दातांबाबत कोक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला आहे. लवकर उपचार केल्यास पडण्या-आपटण्यात पुढचे दात दुखावण्याचा धोका कमी होतो. हा एक लाभ वगळता, लहानपणी आणि पुन्हा किशोरवयात असे दोन टप्प्यांत उपचार घेतलेली मुले व किशोरवयात एकदाच उपचार घेतलेली मुले यांच्या अंतिम परिणामांत विशेष फरक आढळला नाही. म्हणजे खेळताना वारंवार पडणाऱ्या किंवा दातांवरून चिडवले जात असल्याने हसणेच सोडून दिलेल्या मुलासाठी लवकर उपचाराचा विचार जरूर व्हावा. इतरांनी थांबण्यात नुकसान नाही.

व्यापारी माणूस माल पारखल्याशिवाय सौदा करत नाही. इथेही तीच सावधगिरी हवी. लवकर उपचार सुचवला गेला, तर चार प्रश्न शांतपणे विचारावेत. नेमका दोष कोणता? आत्ता उपचार केला नाही तर काय बिघडेल? पुढे पुन्हा तारा लावाव्या लागतील का? दोन्ही टप्प्यांचा मिळून काळ आणि खर्च किती? उत्तरे स्पष्ट नसतील, तर दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेण्यात संकोच नसावा. सल्ला देणाऱ्याने बीडीएसनंतर या शाखेत एमडीएस केले आहे का, हेही पाहावे. आणि उशीर झाला म्हणून हताश होण्याचे कारण नाही. हिरड्या व हाड निरोगी असल्यास दात मोठेपणीही सरकवता येतात. वयाची मर्यादा मुख्यतः जबड्याच्या वाढीला असते.

साधन कोणतेही असो, ते तोंडात वागवायचे असते मुलालाच. त्याची तयारी नसताना लावलेले काढता येणारे साधन बहुधा डबीतच पडून राहते. म्हणून निर्णयात त्यालाही सामील करावे. सात-आठ वर्षांपर्यंत रात्रीचे दात घासणे मोठ्यांच्या देखरेखीखाली व्हावे आणि चिक्की, गोळ्या दिवसभर तोंडात घोळवू देऊ नयेत.

आईने सातव्या वर्षी मुलाला तज्ज्ञांकडे न्यावे आणि तज्ज्ञांनी थांबा म्हटल्यावर आजींसारखा धीर धरावा. मग वडिलांचा खर्चही योग्य वेळी आणि योग्य कारणासाठीच होईल.