खिशातला खर्रा आणि मनाची पायवाट



कृषी खात्यात लागल्यापासून मी फवारणीवर किती सभा घेतल्या, त्याचा हिशेब नाही. तोंडाला फडके बांधा, वारा पाहून फवारा, औषधाचा रिकामा डबा घरात आणू नका, फवारताना काही खाऊ नका. हे सगळे मी तळमळीने सांगत असे आणि सभा संपली की गाडीच्या आड जाऊन खिशातली खर्र्याची पुडी सोडत असे. वीस वर्षे मी खर्रा खाल्ला. तेव्हा आज जे लिहितो आहे ते उंच पाटावर बसून लिहितो आहे असे समजू नका.

२०१७ साल आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कोणी विसरलेले नाही. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती. अळीच्या धास्तीने फवारणीमागून फवारणी झाली. वर मारलेले औषध खाली अंगावर उतरले. पावसाळा संपेपर्यंत जिल्ह्यातले वीसच्या वर शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेने गेले, शेकडो दवाखान्यात पडले. कारणे पुष्कळ होती. जहाल औषधांची मिश्रणे होती, अंगभर कपडे नव्हते, सांगणारे आम्हीही कमी पडलो. सगळा दोष फवारणाऱ्याच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. पण एक गोष्ट मी त्या आधीही पाहत होतो आणि नंतरही पाहिली. पंप खाली ठेवला की औषधाने भिजलेला हात आधी पाण्याकडे जात नाही, खिशाकडे जातो. पुडी सुटते आणि त्याच बोटांनी चिमूट तोंडात.

कळंब तालुक्यातल्या एका मजुराला मी यावरून रागावलो. तो म्हणाला, "साहेब, मालूम हाय मले सारं. पण हात आपोआप जाते ना खिशात!"

या 'आपोआप'वर मी बरेच दिवस विचार केला, कारण माझाही हात तसाच जात होता. बी.एस्सी. करून मला जे कळले होते, ते माझ्या हाताला कळले नव्हते. बंडीवर मालक झोपला तरी बैल घराचा रस्ता धरतो, तशी ही गत. बैलाला उपदेश करून उपयोग नाही. रोज त्याच वाटेने नेल्यामुळे ती वाट पडलेली असते, आणि दुसरी पाडायची तर तिच्यावरूनही रोजच न्यावे लागेल.

यवतमाळला एका मानसोपचार डॉक्टरांकडे मी हे बोललो. त्यांनी मला स्वसंमोहन शिकवले. नाव ऐकून दचकू नका. संमोहन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे जत्रेतला जादूगार येतो, नाहीतर लिंबू फिरवणारा बाबा येतो. त्यातले हे काही नाही. एकाच गोष्टीवर लक्ष खिळले की बाकीच्या जगाचा विसर पडतो आणि अशा वेळी दिलेली सूचना मनात खोलवर उतरते, एवढाच याचा अर्थ. कीर्तनात रंगलेल्या माणसाला पायाला चावणारा डास कळत नाही. तोही याच जातीचा अनुभव.

इंग्रजीतला 'हिप्नॉटिझम' हा शब्द रूढ केला तो जेम्स ब्रेड या मँचेस्टरच्या डॉक्टराने, १८४० नंतरच्या वर्षांत. ग्रीक भाषेत 'हिप्नॉस' म्हणजे झोप. पुढे त्याच्याच लक्षात आले की ही झोप नव्हे, आणि तो नाव बदलायला निघाला. पण नाव चिकटले ते चिकटलेच. आपल्या देशात १८४५ मध्ये बंगालमधील हुगळी येथे जेम्स एस्डेल नावाच्या डॉक्टराने अशाच प्रकारे रोग्यांना गुंगवून शस्त्रक्रिया सुरू केल्या. तेव्हा भूल देण्याचे औषध अजून प्रचारात आलेले नव्हते. आणि आपल्याकडे? १९८२ मध्ये अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन करणारे नागपूरचे श्याम मानव हेच स्वसंमोहनाचे वर्ग घेत आले आहेत. भुताखेतांच्या विरुद्ध उभा राहिलेला माणूस ही विद्या शिकवतो, यावरूनच तिचा जादूटोण्याशी संबंध नाही हे कळावे.

मला सर्वांत पटला तो फ्रान्सचा एमिल कुए. तो औषधे विकणारा होता. त्याने पाहिले की बाटली देताना औषधाची दोन शब्दांत स्तुती केली, तर रोग्याला गुण जास्त येतो. मग तो लोकांना झोपताना आणि उठताना एकच लहान वाक्य वीस-वीस वेळा स्वतःशी म्हणायला सांगू लागला. मोजायला वीस गाठींची दोरी. (आपले कृषी केंद्रवालेही औषधाची स्तुती करतात. पण ऐकतो तो शेतकरी, अळी ऐकत नाही, हे विसरू नका.)

आता मी काय केले ते सांगतो. रात्री जेवणे उरकली की भिंतीला टेकून बसायचे. समोर एका ठिपक्याकडे पाहत राहायचे, डोळे जड झाले की मिटायचे. पायापासून कपाळापर्यंत एकेक अवयव सैल सोडायचा. श्वासाबरोबर वीसपासून एकपर्यंत उलटे मोजायचे. मग मनाला सूचना. इथेच बहुतेक लोक चुकतात, मीही चुकलो. पहिले पंधरा दिवस मी म्हणत होतो, 'मी खर्रा खाणार नाही.' परिणाम असा की बसल्या जागी तोंडाला पाणी सुटे! डॉक्टर हसले. म्हणाले, नको त्या वस्तूचे नाव घेतले की मन तीच वस्तू दाखवते. हात खिशाकडे जाण्याऐवजी काय करील ते सांगा, आणि नेमके कधी तेही सांगा. मग मी वाक्य बदलले: 'सभा संपली की मी पाणी पितो आणि बडीशेप तोंडात टाकतो.' वाक्य म्हणायचे आणि तसे करत असल्याचे चित्र मिटल्या डोळ्यांपुढे आणायचे. गाडीची सावली, हातातला तांब्या, सगळे. शेवटी एक ते पाच मोजून डोळे उघडायचे. दहा मिनिटांचे काम.

किती दिवसांत गुण येतो? लंडनच्या एका विद्यापीठात ९६ जणांच्या नव्या सवयींचा अभ्यास झाला होता. सरासरी ६६ दिवस निघाले, पण कोणाला १८ पुरले, तर कोणाला २५४ लागतील असा हिशेब आला. मला चार महिने लागले, आणि मधे एका लग्नात मी दोन दिवस पुन्हा खाल्लाच. दुसऱ्या रात्री परत भिंतीला टेकून बसलो.

खोटी आशा मात्र दाखवत नाही. सिगारेट सोडण्यासाठी संमोहन कितपत उपयोगी पडते, याच्या १४ प्रयोगांचा एकत्र आढावा २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. इतर उपायांपेक्षा ते सरस आहे असे त्यातून सिद्ध झाले नाही. म्हणून तंबाखू सुटत नसेल तर डॉक्टरांची औषधेही घ्यावीत. ज्यांना फीट येते किंवा ज्यांचे मनाच्या आजाराचे उपचार चालू आहेत, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नये. दुसऱ्यावर तर प्रयोग करूच नये. ट्रॅक्टरवर, मोटारीपाशी किंवा रात्री जागलीवर असताना डोळे मिटून बसण्याचा उद्योग नको.

आणखी एक बोलायचे आहे. सूचना आपण रोजच देतो, फक्त ती वाईट असते. 'यंदा काही खरं नाही', 'आपल्या नशिबीच नाही', असे माणूस दिवसातून शंभरदा स्वतःशी पुटपुटतो, आणि घरातली पोरे ते ऐकतात. रात्री अंथरुणावर कर्जाचा आकडा फिरत राहतो. अशा वेळी शरीर सैल सोडून, 'सकाळी उठलो की बँकेचे कागद काढतो' एवढी एकच सूचना दिली तर झोप तरी लागते. कर्ज त्याने फिटत नाही. कापसाला भाव नसताना 'चांगला विचार करा' म्हणून शेतकऱ्याची बोळवण करणाऱ्यांचा मला राग येतो. आणि मनात जीव देण्याचे विचार येत असतील, तर तिथे स्वसंमोहन नको, माणूस हवा. घरी बोला, गावातल्या आशाताईंना सांगा, सरकारी दवाखान्यात जा. १४४१६ या टेलि-मानसच्या क्रमांकावर रात्री-बेरात्रीही फोन करता येतो, पैसे पडत नाहीत.

त्या कळंबच्या मजुराला मी माझे वाक्य सांगितले. त्याने आपले बनवले: 'पंप खाली, की पह्यले साबन.' त्याच्या घरधनिणीने धुऱ्यावर पाण्याची कॅन आणि साबणाची वडी ठेवायला सुरुवात केली, म्हणजे हाताला शोधावे लागू नये. खर्रा त्याने सोडलेला नाही. आता तो हात धुऊन खातो आणि मी त्याच्यावर रागावतोच. परवा बांधावर भेटलो तर ती म्हणाली, "भाऊ, साबन लवकर सरते आता."